मदत हवी आहे: जुनी पद्मिनी गॅरेजमध्ये सोडण्यापूर्वी काय लिहून घ्यावे?

वडिलांच्या 1978 च्या प्रीमियर पद्मिनीचे 1089 सीसीचे मूळ इंजिन निळसर धूर सोडते. तिसऱ्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आतला दाब) कमी आले आणि प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडताच वाढले, म्हणजे दोष पिस्टनभोवतीच्या रिंगांकडेच दिसतो. पुण्यातील एक गॅरेजमालक बोअरिंगसाठी (झिजलेला सिलिंडर आतून कातून नीट करण्यासाठी) गाडी दोन महिने ठेवून घेऊन निम्मी रक्कम आगाऊ मागतात. त्यांच्या हाताबद्दल शंका नाही (शेजारची फियाट त्यांनीच सुरू केली). भीती आहे ती मूळ कार्ब्युरेटर आणि क्रोमचे बंपर परस्पर बदलले जाण्याची. इंजिन व चॅसी क्रमांकांसह छायाचित्रे काढली आहेत. दुसरे इंजिन बसवायचे नाही आणि दर आठवड्याला फेरी मारणे मला शक्य नाही. अशा वेळी पैसे कोणत्या टप्प्यांत द्यावेत, आणि सुट्या भागांवर सहज न पुसली जाणारी खूण कशी करावी?