बारांकियाकडून २०२७ च्या पॅन-अमेरिकन स्पर्धा काढून घेतल्या, ते बरोबर झालं का? (तिघांची चर्चा, टोपणनावं : 'तिहेरी उडी', 'धक्क्यावरून' आणि 'हिशेबी')

तिहेरी उडी
आधी थोडक्यात काय घडलं ते सांगते. बारांकिया हे कोलंबियाचं कॅरिबियन किनाऱ्याजवळचं बंदर. २०२७ च्या पॅन-अमेरिकन स्पर्धा, म्हणजे उत्तर-दक्षिण अमेरिकेतल्या देशांच्या क्रीडास्पर्धा, तिथे व्हायच्या होत्या. त्या भरवणाऱ्या पॅनाम स्पोर्ट्स या संघटनेला ८० लाख डॉलर द्यायचे होते, अर्धे डिसेंबर २०२३ अखेर आणि अर्धे जानेवारीअखेर. पहिलाच हप्ता थकला आणि ३ जानेवारी २०२४ ला यजमानपद गेलं. मार्चमध्ये मतदान होऊन स्पर्धा पेरूची राजधानी लिमाला मिळाल्या. लिमात त्या २०१९ मध्येच होऊन गेल्या आहेत!

मला हा त्या शहरावर अन्याय वाटतो. २०१८ च्या मध्य अमेरिका व कॅरिबियन स्पर्धा आठवा. त्या मुळात ग्वाटेमालातल्या क्वेत्झालतेनांगोला दिल्या होत्या. तिथली कामं रखडली म्हणून २०१४ मध्ये बारांकियाने त्या अंगावर घेतल्या आणि चार वर्षांत पार पाडून दाखवल्या. ३७ देश-प्रदेशांचे खेळाडू आले. कोलंबियाच्या कातेरिन इबार्ग्वेनने घरच्या लोकांसमोर तिहेरी उडी आणि लांब उडी, दोन्हींत सुवर्ण घेतलं. एवढं करून दाखवलेल्या शहराला राजधानी बोगोटातल्या सरकारच्या दिरंगाईची शिक्षा का?

धक्क्यावरून
ताई, तुमची कळकळ कळते, पण मी उलट बाजूने बोलणार. मी जहाजावर इंजिन रूममध्ये काम करतो. बारांकियाला दोनदा लागलो आहे. बंदर मॅग्डालेना नदीत आहे. मुखाशी, बोकास दे सेनिसाला, गाळ साचला की जास्त ड्राफ्टच्या, म्हणजे पाण्यात खोल बुडणाऱ्या, जहाजाला आत घेत नाहीत. एकदा आम्ही बाहेर नांगर टाकून नुसते बसलो होतो. ते शहर ज्या बंदरावर पोसलं गेलं, त्याच्या गाळ उपशासाठी पैशांची ओढाताण चालू असताना स्पर्धा कसल्या घेता?

आणि पाऊस! तिथे रस्त्यांचेच ओढे होतात, 'आरोयो' म्हणतात त्यांना. मी एका दुकानाच्या पायरीवर अडकलो होतो. वीस मिनिटांत समोरचा कोरडा रस्ता तांबड्या पाण्याने भरून वाहायला लागला. कचऱ्याचे डबे गेले, मागून एक मोटरसायकल गेली. दोन पोरांनी चाकं लावलेली फळी आडवी टाकली आणि सुटे पैसे घेऊन माणसं पार करू लागली. हे डोळ्यांनी पाहिल्यावर मला स्टेडियमचं कौतुक करवत नाही.

तिहेरी उडी
दादा, पण आरोयोंचंच उदाहरण माझ्या बाजूचं आहे. त्यांना काँक्रीटच्या बंद नाल्यांत घालायचं काम शहराने २०१८ च्या तयारीच्या वर्षांतच हाती घेतलं होतं. ८४ व्या रस्त्याखालचा ओढा असाच बंद केला. दोन्ही कामं एकाच वेळी चालू होती.

शिवाय सगळंच काही नवं बांधलं नाही. उद्घाटन १९८६ पासूनच्या मेट्रोपोलितानोवर झालं, राष्ट्रीय फुटबॉल संघाचं जे हक्काचं मैदान आहे. ट्रॅक सायकलिंग तर कोलंबियातल्याच काली शहरात घेतलं, कारण वेलोड्रोम, म्हणजे सायकल शर्यतींचं मैदान, तिथे तयार होता. नव्यांतलं एक ठळक म्हणजे बेसबॉलचं एदगार रेंतेरिया स्टेडियम. रेंतेरिया बारांकियाचाच पोरगा, १९९७ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकी बेसबॉलची अंतिम मालिका, त्याच्या फटक्यावर संपली. आणि ते मैदान ओस पडलेलं नाही. तिथल्या कायमानेस संघाने २०२२ मध्ये कॅरिबियन सिरीज ही बेसबॉल स्पर्धा जिंकली, कोलंबियासाठी पहिल्यांदाच.

हिशेबी
दोघांच्या मध्ये येतो. कॅरिबियन शहराने पॅन-अमेरिकन घेतलं की काय होतं, याचा दाखला हवाना १९९१ आहे. सोव्हिएत मदत आटत असताना क्यूबाने स्पर्धा भरवल्या. पदकांत कमालच झाली : क्यूबा १४० सुवर्ण, अमेरिका १३०. पण तेव्हा बांधलेलं पॅन-अमेरिकन स्टेडियम पुढे भग्नावस्थेत गेलं. खेळाडूंच्या वसाहतीत मात्र आजही कुटुंबं राहतात. म्हणून माझा प्रश्न शहराच्या लायकीचा नाहीच. माणसं राहतील असं काय बांधणार, एवढंच मी विचारेन.

आणि करारातली तारीख ही तारीख असते. एकाला सूट दिली तर उद्या सगळेच हप्ते लांबवतील. लिमाकडे २०१९ ची मैदानं उभी आहेत, तिकडे स्पर्धा नेणं खर्चाच्या दृष्टीने शहाणपणाचं होतं.

तिहेरी उडी
मग त्या हिशेबाने स्पर्धा कायम राजधान्यांतच फिरतील. ज्यांच्याकडे आधीच मैदानं आहेत त्यांनाच पुन्हा मिळणार आणि किनाऱ्यावरच्या शहराने दुरून टीव्ही बघायचा. कोलंबियात या स्पर्धा याआधी एकदाच झाल्या, १९७१ ला, त्याही कालीत. बारांकियाने १९४६ मध्येही मध्य अमेरिका व कॅरिबियन स्पर्धा घेतल्या होत्या. हे हौशी शहर नाही हो. तारीख चुकली हे मला मान्य आहे, पण तो हप्ता बोगोटाहून यायचा होता.

धक्क्यावरून
कायमानेसचं मला माहीत नव्हतं, तेवढा मुद्दा तुमचा. गाळाबद्दल मात्र एक शब्द मागे घेणार नाही. तोही पैसा बोगोटाहूनच येतो आणि तोही उशिराच येतो. राजधानीकडून वेळेवर पैसे मिळत नसतील तर मी त्या शहराच्या वतीने आधी गाळाचा उपसाच मागेन.