मदत हवी आहे: आंब्याच्या पिकअपला १८ इंची चाकं ठेवू, २० घेऊ की १६ वर येऊ?

नमस्कार मंडळी,

देवगड तालुक्यात सड्यावर आमची हापूसची कलमं आहेत. गाडी डबल कॅब, फोर बाय फोर पिकअप. तिचे मूळचे २५५/६० आर १८ (रुंदी २५५ मिमी, बाजूची उंची तिच्या ६० टक्के, चाक १८ इंची) टायर झिजलेत आणि पाडव्याच्या आत स्टेपनीसकट पाचही बदलायचे आहेत. त्यासोबत चाकाचा आकारही बदलावा का, यावर घरात एकमत होत नाही, म्हणून इथे विचारतो.

सीझनला फोंडाघाट, राधानगरी करत कोल्हापूरला माल जातो, मागे सातआठशे किलो. बाकीचं वर्ष गाडी जवळजवळ रिकामीच असते. खत नेणं, बाबांना बागेत घेऊन जाणं, एवढंच. बागेचा रस्ता म्हणजे उघडा कातळ, जांभ्याच्या धारदार कडा आणि चिऱ्याच्या खाणीवरच्या ट्रकांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या. पावसात वर शेवाळ आणि उताराला लाल चिखल. गेल्या पावसाळ्यात गाडी चाकोरीतून वर काढताना टायर दगड आणि डिस्क (चाकाची धातूची रिम) यांच्यामध्ये चिमटला आणि बाजूलाच चीर पडली. बाजूची चीर पंक्चरवाला काढत नाही, अख्खा टायर गेला.

धाकटा भाऊ २६५/५० आर २० म्हणतोय. टायरच्या दुकानातही तोच सल्ला मिळाला, की गाडी रस्त्याला धरून चालेल. माझा कल १६ इंची डिस्क आणि २६५/७० टायरकडे आहे. कागदावर मांडून बघितलं: आत्ताच्या टायरची एकूण उंची ७६३ मिमी, वीसवाल्याची ७७३ आणि सोळावाल्याची ७७७. म्हणजे बाहेरून तिन्ही जवळपास सारखेच. फरक आहे तो डिस्कच्या कडेपासून जमिनीपर्यंतच्या रबरात: आत्ता १५३ मिमी, विसाला साधारण १३२ आणि सोळाला १८५.

मला विचारायचंय ते असं. रिकाम्या गाडीचे गचके सोळाने खरंच कमी होतात का? बाबांना कमरेचा त्रास आहे, बागेत पोचेपर्यंत ते दांडी घट्ट धरून बसतात, ते बघवत नाही. आणि भरल्या गाडीला घाटाच्या वळणात उंच टायर डोलतील का? आंब्याला मार लागला तर तो पेटीत पिकताना काळा पडतो, तेव्हा हा प्रश्नही माझ्यासाठी तेवढाच मोठा आहे. शिवाय ए/टी (ऑल-टेरेन, सगळ्या रस्त्यांचे) घ्यावेत की एम/टी (मड-टेरेन, चिखलाचे)?

—

प्रतिसाद (पाणंदवाट):

दादा, विसाचा विचार सोडा. तुमच्या रस्त्याला रबर कमी करणं म्हणजे पुढची चीर विकत घेणं. दुकानातला सल्ला डांबरापुरता खरा आहे. बाजू बुटकी असली की वळणात टायर कमी वाकतो आणि स्टिअरिंगला लगेच उत्तर देतो. पण कातळाची कड आदळते तेव्हा तो दणका झेलायला टायरमधली हवा आणि बाजूचं रबरच असतं, ते कमी म्हणजे दणका थेट डिस्कला आणि तिथून तुम्हाला.

सोळाने गाडी उंच होईल असं मात्र धरून चालू नका. उंची १४ मिमीने वाढते, म्हणजे पोट जमिनीपासून फक्त ७ मिमी वर येतं. तुम्हाला मिळणार ती गादी. कंपन्याही हे दोन्ही देतात: २०२० च्या थारमध्ये एएक्स व्हेरियंटला २४५/७५ आर १६ होते आणि एलएक्सला २५५/६५ आर १८.

बाबांच्या गचक्यांबद्दल खरं सांगतो. बारीक खड्डे आणि कातळाचा खडबडीतपणा नक्की कमी जाणवेल. पण पिकअपचे मागचे पाटे भारासाठी बनवलेले असतात, रिकाम्या गाडीत ते दबतच नाहीत आणि मागचा भाग उडतो. तो टायरने पूर्ण जाणार नाही.

डोलण्याला घाबरू नका, पण भार वाहण्याचा आकडा बघूनच टायर घ्या. आकारापुढे १०८ असेल तर एका टायरला १००० किलो, ११२ असेल तर ११२० किलो. मूळ टायरवर आहे त्याहून कमी नको. माल भरल्यावर पूर्ण भाराची हवा मारली तर उंच बाजूही ताठ राहते.

—

प्रतिसाद (घाटमाथा):

वरच्याशी सहमत. एम/टी घेऊ नका. चिखलात त्याचे मोठे ठोकळे छान काम करतात, पण ओल्या डांबरावर पकड कमी आणि घाटात सतत घरघर. तुमचं वर्षाचं बहुतेक अंतर डांबरावर आहे, तेव्हा ए/टी, तोही जाड बाजूचा. असा टायर जड असतो, त्यामुळे गाडीने वेग घेण्यात आणि ब्रेकला थोडा फरक पडेल, तो मान्य करून घ्या.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हवा. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर रिकाम्या आणि भरल्या गाडीची हवा वेगवेगळी लिहिलेली असते. बरेच जण सीझनची हवा वर्षभर ठेवतात आणि मग टायर कडक आहे म्हणतात. रिकामी गाडी बागेत हळू न्यायची असेल तर २४-२५ पीएसआयपर्यंत उतरवा. टायर जमिनीवर लांब पसरतो, शेवाळावरही पकड वाढते. बारा व्होल्टचा छोटा कंप्रेसर गाडीत ठेवा आणि डांबराला लागायच्या आधी हवा परत भरा. कमी हवेत वेगाने गेलं तर टायर तापून फुटतो.

सोळावाले टायर घातल्यावर स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी सुमारे १०२ ने जात असेल. आणि पाचही टायर एकाच आकाराचे घ्या, फोर बाय फोरमध्ये पुढच्या-मागच्या चाकांच्या उंचीतला फरक गिअरवर येतो.

—

धागाकर्ता:

दोघांचे मनापासून आभार. स्टिकर बघितला, मागच्या चाकांत भरल्या गाडीची हवा होती. आज उतरवली आणि बाबांना बागेत नेऊन आणलं. ते म्हणाले, बरं वाटलं. टायर बदलायच्या आधीच एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं.

भावालाही १३२ आणि १८५ चा फरक पटलाय. आमच्याच मॉडेलच्या खालच्या व्हेरियंटला १६ इंची लोखंडी डिस्क येते, म्हणजे ब्रेक कॅलिपरला (चाकाच्या आतल्या ब्रेकच्या पकडीला) घासायची भीती नसावी. आता अडलंय ऑफसेटवर, म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर बसतं त्यावर. दुकानात मिळणारी अलॉय चाकं मडगार्डच्या बाहेर येतात, त्याने बेअरिंगवर ताण येतो असं वाचलंय. कुणी लोखंडी डिस्कवर २६५/७० बसवलेत का? स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर पुढचा टायर आत कुठे घासतो का, तेवढं सांगा.