बर्लिनमध्ये सात महिने झाले. ओळखी पुष्कळ, सोबत मात्र नाही

खानापूरकर यांचा प्रश्न

नमस्कार. मी मूळचा खानापूर तालुक्यातला. बेळगावात अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले, तीन वर्षे बंगळूरला नोकरी केली आणि गेल्या नोव्हेंबरपासून बर्लिनमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो आहे. वय 26, अविवाहित, राहायला एकटाच. हिवाळ्यात दुपारी चार वाजताच अंधार पडत असे, तेव्हा एकटेपणाचे खापर मी हवामानावर फोडले होते. आता जून आहे, रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, बागा माणसांनी भरलेल्या असतात, आणि माझे शनिवार-रविवार मात्र तसेच रिकामे जातात.

कार्यालयातले सहकारी सौजन्याने वागतात, दुपारी एकत्र जेवतात. पण संध्याकाळी पाच वाजले की जो तो आपल्या वाटेने निघून जातो. परदेशातून आलेल्या तरुणांचे मेळावे भरतात, त्यांना मी आठ-दहा वेळा गेलो. तिथे प्रत्येक जण नाव, देश आणि नोकरी विचारतो, फोन नंबर घेतो, आणि पुढच्या वेळी गेलो तर सगळे चेहरे नवे असतात. एका संध्याकाळचे पंचवीस-तीस युरो जातात ते वेगळेच. मी दारू घेत नाही, आणि माझे जर्मन अजून बाजारहाटापुरतेच आहे. एक सहकारी 'कधीतरी घरी ये' असे म्हणाला, त्याला तीन महिने झाले. ते निमंत्रण होते की नुसते बोलणे, हे मला अजून कळलेले नाही.

गावी मी भजनात टाळ धरत असे, बेळगावात संध्याकाळी किल्ला तलावाकडे गेले की कोणी ना कोणी भेटतच असे. मैत्रीसाठी काही करावे लागते हेच ठाऊक नव्हते. घरी फोन केला की आई आधी जेवणाचे विचारते आणि मग 'सोबतीला कोण आहे का रे?' असे विचारते. त्या दुसऱ्या प्रश्नाला मी हल्ली खोटे उत्तर देतो आणि त्याचा मला फार त्रास होतो. परक्या शहरात ज्यांनी माणसे जोडली आहेत, त्यांनी कृपया आपला अनुभव सांगावा.

निपाणीची लेक यांचे उत्तर

मी या शहरात आठ वर्षे आहे आणि पहिले वर्ष तुमच्यासारखेच काढले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

जिथे सगळेच केवळ ओळख करून घ्यायला येतात तिथे ओळखीच्या पुढे काही घडत नाही, कारण त्या माणसांना मिळून करण्यासारखे काही कामच नसते. बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आठवा. मिरवणूक एका रात्रीची, पण गल्लीतली मुले त्याआधी कित्येक रात्री देखाव्यासाठी जागतात, वर्गणी मागत फिरतात, आपसात भांडतात आणि पुन्हा कामाला लागतात. मैत्री त्या जागरणांत झालेली असते. जर्मनीतही हे असेच चालते, आणि त्यासाठी त्यांच्याकडे 'फेराइन' आहे. फेराइन म्हणजे आपले मंडळच: नोंदणीसाठी किमान सात सभासद लागतात, वर्षाची वर्गणी असते, पदाधिकारी असतात, सर्वसाधारण सभा असते आणि तिथले वादही आपल्यासारखेच असतात. खेळ, बुद्धिबळ, वाद्यवृंद, गिर्यारोहण, बागकाम, सगळ्यांचे फेराइन आहेत. बर्लिनच्या नॉयकोल्न भागातल्या हाझेनहाइड बागेत 1811 साली फ्रीडरिश लुडविग यान यांनी खुले व्यायाम मैदान सुरू केले आणि त्यातून पुढे देशभर व्यायाम मंडळांची परंपरा उभी राहिली. ही माहिती मी पहिल्यांदा वाचली, तेव्हा मला आमच्या निपाणीकडच्या तालमीच आठवल्या.

तुम्ही भजनात टाळ धरत होता, तर एखाद्या हौशी गायकवृंदात जा. बर्लिनमध्ये असे वृंद पुष्कळ आहेत, आणि अनेक ठिकाणी आवाजाची फार परीक्षा न घेता नवख्यांना सामावून घेतात. भाषा कच्ची असणाऱ्याला गाण्यासारखा आधार नाही, कारण शब्द कागदावर समोर असतात आणि उच्चार शेजाऱ्याचे ऐकून सुधारतात. तालीम आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी असते. तालमीनंतर काही जण जवळच्या उपाहारगृहात बसतात. पहिले सहा आठवडे कोणी फारसे बोलणार नाही, तरी जात राहा. मला सातव्या की आठव्या आठवड्यात एका बाईंनी विचारले, 'मागच्या मंगळवारी का आला नाहीत?' त्या रात्री मी घरी चालत गेले, गाडी घेतली नाही, इतका आनंद झाला होता. तोपर्यंत या शहरात माझी गैरहजेरी कोणाच्या लक्षात आलेली नव्हती.

गाण्याचे जमले नाही तर फोल्क्सहोखशूले, म्हणजे लोकशिक्षणाची शाळा, बर्लिनच्या बाराही विभागांत आहे. तिथे भाषेपासून स्वयंपाकापर्यंतचे वर्ग असतात आणि शुल्क खासगी वर्गांच्या मानाने माफक असते.

आता तुमच्या सहकाऱ्याबद्दल. 'कधीतरी ये' हा नकार नाही, पण निमंत्रणही नाही. तारीख ठरली म्हणजे निमंत्रण. ती तुम्हीच सुचवा, तीन-चार आठवड्यांनंतरची सुचवा, आणि त्याने दैनंदिनी काढून बघितली तर वाईट वाटून घेऊ नका. ज्याने तुमचे नाव वहीत लिहिले, तो ठरलेला दिवस मोडत नाही. वेळेवर पोहोचा. आणखी एक: वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी देऊ नका, इथे ते अशुभ मानतात. तुमच्या वाढदिवसाला मात्र खाऊ तुम्हीच न्यायचा असतो. मी बेसनाचे लाडू नेले होते आणि त्यांची कृती सांगता सांगता माझी पहिली मैत्रीण झाली.

शहापूर, बेळगाव यांचे उत्तर

मी निवृत्त शिक्षक आहे, जर्मनी पाहिलेली नाही. परंतु तुझ्या भाषेच्या भीतीविषयी बोलावेसे वाटते, म्हणून लिहितो. वयाने मोठा आहे, तेव्हा 'तू' म्हणतो, राग मानू नये.

आपल्या भागातला माणूस घरी मराठी, कचेरीत कन्नड, शेजारी कोकणी आणि बाजारात उर्दू मिसळलेली हिंदी बोलत मोठा होतो. यांपैकी किती भाषा आपण व्याकरण शिकून बोललो? लहानपणी चुकीचे कन्नड बोललो तरी वाणी साखर देत असे, आणि हसून बरोबर शब्दही सांगत असे. सीमाभागाच्या प्रश्नाने आपल्या पिढ्यांना भाषेविषयी हळवे केले आहे, ते मी जाणतो. पण चार भाषांत वावरण्याची ही सवय तुझ्या अंगात आहे आणि ती बर्लिनमध्ये वापरायची राहिली आहे. मोडके जर्मन निःसंकोच बोल.

आणि आईला खरे सांग. तिला ते आवाजावरून आधीच कळले असणार.

टिळकवाडी ते नॉयकोल्न यांचे उत्तर

ताईंचे म्हणणे पटते, तथापि एका गोष्टीत माझे मत थोडे वेगळे आहे. गायकवृंदाने आठवड्यातली एक संध्याकाळ भरते, रविवारचे काय? इथे रविवारी दुकानेही बंद असतात, त्यामुळे नव्या माणसाला तो दिवस फार लांब वाटतो. मी ठरवून रविवार बाहेर घालवू लागलो, आधी एकटा, मग कोणाला तरी विचारून. टेम्पेलहोफचा विमानतळ 2008 साली बंद झाला आणि 2010 पासून ती तीनशे हेक्टरांहून मोठी जागा लोकांसाठी खुली आहे. धावपट्टीवर सायकल चालवता येते, पतंग उडवता येतात. तिथे घरे बांधण्याचा प्रस्ताव होता, पण 2014 मध्ये नागरिकांनी सार्वमत घेऊन तो थांबवला. ग्रुनेवाल्डच्या जंगलाकडचा टॉयफेल्सबर्ग हा युद्धात पडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यांतून उभा राहिलेला सुमारे 120 मीटरांचा डोंगर आहे. बेळगावजवळचा राजहंसगड चढलेल्या माणसाला तो टेकडीसारखाच वाटेल, पण वरून सगळे शहर दिसते. वान्झे तलावाच्या धक्क्यावरून क्लाडोला जाणारी एफ-10 ही नाव शहर वाहतुकीच्या नेहमीच्या तिकिटावर चालते. वीस मिनिटांचा प्रवास, वेगळा खर्च नाही. 'रविवारी नावेने जातो आहे, येणार का?' असे विचारणे सोपे असते आणि समोरच्याला नाही म्हणणेही सोपे असते.

दारूची चिंता करू नका. सफरचंदाचा रस आणि सोडा मिसळलेले आप्फेलशोर्ले सर्वत्र मिळते आणि ते मागवल्याबद्दल मला आजवर कोणी कारण विचारलेले नाही. पेला भिडवताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहावे, एवढीच त्यांची अपेक्षा असते. बिल बहुधा ज्याचे त्याने द्यायचे असते, त्यात कंजूषपणा मानत नाहीत.

इथल्या मराठी माणसांच्या गणपतीला, दिवाळीला मात्र जरूर जा. 'परदेशात येऊन पुन्हा आपल्याच लोकांत काय जायचे' असे म्हणणारे भेटतील. मी आजारी पडलो तेव्हा डबा घेऊन आलेले कुटुंब साताऱ्याचे होते आणि औषध आणून देणारा शेजारी जर्मन होता. मला दोघेही लागले.

खानापूरकर यांचे उत्तर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, मी मनापासून आभारी आहे. माझ्या घरापासून तीन थांब्यांवर एका चर्चच्या सभागृहात हौशी गायकवृंदाची तालीम असते असे कळले, आणि काल तिथे जाऊन आलो. खालच्या पट्टीत पुरुष कमी आहेत म्हणून त्यांनी लगेच बसवून घेतले. शब्द निम्मे समजले, पण ताल चुकला नाही. सहकाऱ्यालाही तारीख विचारली. त्याने दैनंदिनी काढली आणि जुलैचा तिसरा शनिवार ठरला.

सर, रात्री आईला सगळे सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग त्या शनिवारी न्यायला शंकरपाळ्या कशा करायच्या ते सांगू लागली.

टिळकवाडीकर, मी येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता वान्झेच्या धक्क्यावर असेन. आपल्याला येणे जमेल का?