मदत हवी आहे: चेहऱ्याच्या रंगाची पसंती मोजताना स्लायडरच्या सुरुवातीचा प्रभाव

सीआयई लॅब या रंग आकड्यांत मांडायच्या पद्धतीत फक्त त्वचेवर बी-स्टार, म्हणजे पिवळसरपणा, स्लायडरने −8 ते +8 एकेका एककाने बदलून लोकांकडून सर्वात आकर्षक छटा निवडून घेतोय. डोळे, केस, पार्श्वभूमी स्थिर. मॉनिटर डी65 ला, म्हणजे दिवसाच्या उजेडासारख्या प्रमाण पांढऱ्याला, कॅलिब्रेट केलाय, खोली अंधारी. मास्कच्या, म्हणजे रंग बदलायच्या भागाच्या, कडा मऊ केल्यात, नाहीतर जबड्याखाली रेघ दिसते आणि लोक रंगाऐवजी तीच टाळतात.

तरी स्लायडर +8 वरून निघाला की उत्तर पिवळ्याकडे झुकतं, −8 वरून निघाला की उलट. सुरुवात यादृच्छिक केल्यावर सरासरी सावरली, पण एकाच व्यक्तीच्या उत्तरांतला फरक तसाच राहिला.

चेहरे 12, माणशी 40 मिनिटं. स्लायडरऐवजी दोन-दोन छटा दाखवून तुलना करून घ्यावी, तर 17 पायऱ्यांच्या दर चेहऱ्याला 136 जोड्या होतात, ते अशक्यच. मग 5 पायऱ्या, 10 जोड्या घेऊन उत्तरांवर पसंतीचा वक्र बसवावा, की स्लायडरच ठेवून दोन्ही टोकांकडून मोजावं? आणि तसं केलं, तर प्रत्येक टोकाकडून किती वेळा?