कोरियन 'बोयॉयो', 'ब्वायो' आणि आपलं 'वाटतं'

प्रश्न : कोरियन शिकतेय. 'दिसतंय-वाटतंय'साठी तीन-चार रूपं आहेत आणि पुस्तकात सगळ्यांपुढे अर्थ एकच, 'असे वाटते'. परवा वर्गात मॅडमनी तॉकबोक्की (तांदळाच्या कांड्यांचा तिखट कोरियन पदार्थ) आणली होती. दोन घास खाऊन मी म्हटलं, 'माशिस्सॉ बोयॉयो'. त्या म्हणाल्या, "मग खा की!" खाऊनच तर बोलत होते. चुकलं काय?

उत्तर : 'बोदा' म्हणजे बघणं, 'बोइदा' म्हणजे दिसणं, 'बोयॉयो' त्याचंच रूप. तुम्ही 'चविष्ट दिसतंय' म्हणालात, म्हणजे चाखलेलं नाही!

तीच तॉकबोक्की धरून चला. समोर लालभडक, वाफाळती ताटली आहे, हात लावलेला नाही, तर 'बोयॉयो'. मेनूकार्डावर नुसतं नाव वाचून अंदाज बांधताय, तर 'माशिस्सुल कॉत काथायो', चांगली असेल. खाल्ल्यावर जरा नरमाईने मत द्यायचंय, तर 'माशिन्नुन गॉत काथायो'. (मॅडमना सरळ 'माशिस्सॉयो' म्हणायचं हो, नरमाई कशाला!) आणि तुम्ही रस्त्यापलीकडे उभ्या आहात, गाडीपुढे ही मोठी रांग दिसतेय, तर 'माशिन्ना ब्वायो'.

या शेवटच्याला 'असे वाटते' लावलं की घोळ होतो. मराठीत ते 'चांगली मिळते वाटतं इथे!' 'असं' गाळून वाक्याच्या शेपटीला लावलेलं 'वाटतं'. दाराशी चपला दिसल्या की आपण म्हणतो, 'आला वाटतं'. खूण दिसली, त्यावरून ताडलं. म्हणून घास तोंडात असताना 'छान झालीय वाटतं' कुणी म्हणत नाही. 'ब्वायो'ही तिथे बसत नाही.

आणखी एक, 'बोयॉयो'च्या आधी गुण सांगणारा शब्दच येतो. 'फिगोनहे बोयॉयो', दमलेला दिसतोय. पण 'पाऊस येईलसं दिसतंय'ला 'बिगा ओल कॉत काथायो'.

दुसरं उत्तर : थोडी भर. 'ब्वायो' स्वतःबद्दल क्वचित चालतं, आपलं आपल्यालाच उशिरा कळलं तर. 'छाक्काखेन्ना ब्वायो', माझीच गफलत झाली वाटतं. मराठीतही अगदी हेच.

शिवाय 'सेंगीदा' राहिलं. मूळ अर्थ निर्माण होणं, पण चेहरेपट्टीबद्दलही वापरतात. 'जालसेंग्यॉत्ता' म्हणजे देखणा आहे. अर्थ आत्ताचा, रूप मात्र भूतकाळाचं. आपल्या 'नाकीडोळी छान घडलाय'सारखं. कोशात हे विशेषण होतं. २०१७ मध्ये तिथल्या राष्ट्रीय भाषा संस्थेने ते क्रियापदांत टाकलं. मला ते पटतं, रूपच तसं आहे.

प्रश्नकर्ती : म्हणजे 'आज झकास दिसतोयस'ला हे नाही चालणार?

दुसरं उत्तर : नाही, ती झाली जन्माची ठेवण. आजच्यापुरतं 'मॉशिस्सॉ बोयॉयो'. पण 'मॉ' नीट म्हणा. 'मा' म्हणालात तर समोरचा चविष्ट दिसतोय असं होईल.