मदत हवी आहे : सर्व्हरवर डॉकर बसतच नाही, लवकर सांगा

संत्रावाला७ : सकाळपासून डॉकर (ॲप वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये चालवायचं सॉफ्टवेअर) टाकून राहिलो, होतच नाही. नेट चालू आहे, पिंग जातो. सहाला क्लायंटला दाखवायचं आहे. अर्जंट!!

महालकर : एरर काय? ओएस कोणती?

संत्रावाला७ : लिनक्स.

तर्रीजास्त : कोणती लिनक्स? म्हणजे पत्ता विचारला तर 'नागपूर' सांगितल्यासारखं झालं, भाऊ.

पॉडमनप्रेमी : डॉकर हवंच कशाला? पॉडमन टाका, तेच काम करते. मागे रूटचा (सगळे अधिकार असलेल्या युजरचा) सतत चालणारा प्रोग्राम, म्हणजे डीमन नाही, रेड हॅट लिनक्स ८ पासून तेच मिळतं.

महालकर : त्यांनी पॉडमन विचारलं का?

उबुंटूभक्त : फॉरमॅट मारा, उबुंटू टाका. मी सगळीकडे तेच करतो.

संत्रावाला७ : फॉरमॅट कसा मारू? हिंगण्याच्या कारखान्याची हजेरी याच्यावर चालते. सेंटओएस ७ लिनक्स आहे. 'मिररलिस्ट डॉट सेंटओएस डॉट ऑर्ग'चा पत्ता सापडत नाही म्हणते. ते रेपो (पॅकेजं जिथून उतरतात ते साठे) बंद करून डॉकरचा एकटा ठेवला, तर कंटेनर-एसईलिनक्स नावाचं पॅकेज मागते.

महालकर : हे आधी सांगायचं ना राजेहो! सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, मग तो मिररलिस्टही गेला. तुमच्या नेटचा दोष नाही. जुनी पॅकेजं व्हॉल्ट डॉट सेंटओएस डॉट ऑर्गवर आहेत. सेंटओएस-बेसच्या रेपो फाइलची आधी कॉपी ठेवा. मिररलिस्टच्या ओळींना पुढे हॅश (#) लावून बंद करा, बेसयूआरएलच्या ओळींचा हॅश काढून चालू करा, त्यांच्या पत्त्यात मिररच्या जागी व्हॉल्ट लिहा. एक्स्ट्राज हा रेपो चालू राहू द्या, कंटेनर-एसईलिनक्स तिथूनच येते. मग 'यम क्लीन ऑल' कमांड चालवून जुनी कॅशे पुसा. आणि 'डॉकर-सीई' टाका. नुसतं 'डॉकर' टाकलं तर १.१३ येईल, अगदीच जुनं.

कूलरबाबा : सर्व्हरच्या खोलीत कूलर लावू नका. मे महिन्यात आमच्याकडे लावला होता, दमट हवेनं पार्ट गंजले.

तर्रीजास्त : कूलरचं कोणी विचारलं बे?

उबुंटूभक्त : सिक्युरिटी अपडेट बंद झालेल्या मशीनवर क्लायंटचं काम? माझंच ऐका.

महालकर : तेवढं मात्र खरं आहे. बाहेरच्या नेटला उघडं ठेवू नका आणि हजेरी दुसरीकडे न्यायचं बघा.

संत्रावाला७ : बसलं!! पण सुडोशिवाय (रूटच्या हक्कानं चालवल्याशिवाय) 'परमिशन डिनाइड' येते.

पॉडमनप्रेमी : पॉडमनमध्ये हे आलंच नसतं.

महालकर : युजरला डॉकर ग्रुपमध्ये टाका, लॉगआउट करून परत या. पण त्या ग्रुपमधला माणूस म्हणजे रूटच समजा, हजेरीवाल्या पोराला त्यात टाकू नका.

तर्रीजास्त : साडेसहा झाले. क्लायंट आला का?