अडीच महिन्यांच्या पिल्लाला मटणाचं हाडूक द्यावं का?

शिवार_केज
कारवानी (उंच, शिकारी जातीचं) पिल्लू आहे. दूध-भाकरी आणि उकडलेलं अंडं खातं. चप्पल, खाटेचा पाय, ठिबकची नळी, काहीच सोडंना. घरातली जुनी माणसं म्हणतात हाडूक टाका, दात पक्के होतात, कॅल्शियमही मिळतं. पुढच्या आठवड्यात गल्लीत कंदुरी (नवसाचं मटणाचं जेवण) आहे, हाडांचा ढीगच पडणार. शिजलेलं द्यावं, कच्चं द्यावं, का नकोच? कुकरात मऊ केलेलं चालतं का?

पशुधन_परभणी
शिजलेलं अजिबात नको, कोंबडीचंही नाही आन् मटणाचंही नाही. शिजवल्यावर हाडाचा चिवटपणा जातो. मग ते चेचलं जात नाही, तडकतं आणि टोकदार कपच्या निघतात. त्या घशात रुततात, कधी आतडं भोसकतात. कोंबडीच्या तंगडीचं हाड पोकळ, ते सगळ्यात वाईट. कंदुरीच्या हाडांना कांदा-लसणाचा रस्सा लागलेला असतो, त्यानं कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. त्या दिवशी पिल्लू बांधून ठेवा आणि उष्ट्या पत्रावळ्या झाकणाच्या पिंपात टाका.

दात पक्के होतात हा निव्वळ समज. आत्ता त्याच्या तोंडात दुधाचे 28 दात आहेत, सुईसारखे बारीक. चौथ्या महिन्याच्या आसपास पडायला लागतात, सहा-सात महिन्यांत 42 पक्के येतात. दुधाचा दात टणक हाडावर मोडला तर मूळ आत राहून पू होतो, खालचा पक्का दातही बिघडू शकतो.

खाटीकगल्ली
कच्चं हाड तितकं तडकत नाही हे खरं, पण नळी, म्हणजे पायाचं लांब टणक हाड, देऊ नका. मोठ्या कुत्र्याचीही वरची दाढ तिच्यावर चिरते. आडव्या कापलेल्या नळीचं कडं खालच्या जबड्यात सुळ्यांमागं अडकतं. मग ओढाताण करू नका, डॉक्टर गुंगी देऊन कापून काढतात. कच्च्यातून साल्मोनेलासारखे जंतूही येतात, घरात रांगतं लेकरू असेल तर जास्तच जपा.

हाडाच्या नादानं लोक कच्चं काळीज-फुप्पुसही टाकतात. त्यात पाणी भरलेल्या गाठी असल्या तर कुत्र्याच्या पोटात पट्टकृमी होतात आणि त्यांची अंडी विष्ठेतून माणसापर्यंत पोचतात. माणसाच्या यकृतात तशाच गाठी होतात.

शिवार_केज
आणि कुकरातलं?

पशुधन_परभणी
बोटानं दाबून पार पीठ होईल इतकं शिजलं तर टोचायचा धोका कमी. पण मग ते चघळायचं राहतच नाही, नुसती हाडाची भुकटी पोटात जाते. पिल्लू कुंथतं, पांढरी, खडूसारखी विष्ठा होते. त्यापेक्षा मीठ-मसाला-कांदा न घालता मटण उकळा, रस्सा गाळा, गार करून वर थिजलेली चरबी काढा आणि भाकरीवर दोन-तीन चमचे घाला.

कॅल्शियमचं म्हणाल तर ज्वारीत ते कमीच, फॉस्फरस जास्त. पण बाटली आणून अंदाजानं पाजू नका. लहान पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम अडवता येत नाही, उंच जातीच्या पिल्लांचे पाय त्यानं वाकडे होऊ शकतात. वजन करून डॉक्टरांकडून डोस घ्या, नाहीतर पिल्लांचं तयार खाद्य द्या. ते देत असाल तर वरून कॅल्शियम नकोच.

टॉमीचा_काका
चावायला सुती फडक्याला गाठ मारा, भिजवून बर्फाच्या कप्प्यात ठेवा. हिरड्यांना गार लागतं. किंवा चांगलं जाड रबरी खेळणं आणा. नखानं दाबल्यावर खड्डा पडला तर ठीक, नाही पडला तर दातासाठी जास्तच टणक. तोंडात अख्खं मावेल असं काहीच नको. दहा-पंधरा मिनिटं समोर बसून चावू द्या, मग उचलून ठेवा. फडक्याचे धागे निघायला लागले की फेका, धागा आतड्यात गेला तर हाडाइतकाच घात करतो.

खाटीकगल्ली
कंदुरीत कुणी टाकलंच आणि गिळलं, तर मिठाचं पाणी पाजून ओकारी काढू नका, वर येताना कपची परत रुतते. लाळ गळणं, पंजानं तोंड खाजवणं, ओकाऱ्या, पोट ताठणं, रक्ताची विष्ठा, यातलं एक जरी दिसलं तर त्याच दिवशी एक्स-रे. तालुक्याच्या दवाखान्यात मशीन नसेल तर परभणी किंवा उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठा, निघायच्या आधी फोन करा. भूल द्यावी लागू शकते, म्हणून वाटेत काही खाऊ घालू नका.